मातीत मुरलेले पेट्रोल

आमच्या गावच्या घरातल्या विहिरीला १९९० च्या आसपास पेट्रोलचा वास येऊ लागला. रस्त्यापलीकडे पंप होता आणि त्याची जमिनीत पुरलेली टाकी कुठेतरी झिरपत असणार, हे सगळ्यांनाच कळत होते. पंपवाल्याने टाकी बदलली, वरची फरशी नवी केली आणि त्याच्यापुरता विषय संपला. वडिलांनी विहिरीवर लोखंडी जाळी बसवून तिला कुलूप लावले. पण जे पेट्रोल मातीत गेले त्याचे काय, हे कोणी विचारले नाही, मीही नाही. निवृत्तीनंतर विचारले, तेव्हा ते बाहेर काढू पाहणाऱ्यांचा इतिहास हाती लागला. तो बराचसा अमेरिकेत घडला, आणि त्यातला मुख्य शोध जमाखर्च जुळेना म्हणून लागला.

पेट्रोल जमिनीत तळ्यासारखे साचून राहत नाही. थोडे मातीच्या कणांना चिकटते, थोडे कणांमधल्या पोकळ्यांत वाफ होऊन राहते, काही भूजलापर्यंत पोचून त्यावर तरंगते आणि बेंझीनसारखे घटक त्या पाण्यात विरघळतात. म्हणून नुसते पाणी उपसून भागत नाही. उपसा थांबला की मातीतून पुन्हा तेच झिरपते. दुसरा उपाय माती खणून दूर नेऊन टाकण्याचा, म्हणजे आपली पीडा दुसऱ्याच्या दारात.

१९८० च्या सुमारास अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पैशातून टेक्सास रिसर्च इन्स्टिट्यूटने निराळा प्रयोग केला. वाळूच्या मोठ्या टाकीत पेट्रोल सोडायचे, भोके पाडलेल्या नळ्या रोवायच्या आणि पंपाने आतली हवा ओढायची. वाऱ्यावर कपडे वाळतात तसे पेट्रोल उडून जाईल, एवढीच कल्पना. थॉर्नटन आणि वूटन यांचा त्यावरचा निबंध १९८२ मध्ये आला. पेट्रोल गेले खरे. पण जेवढे वाळूतून नाहीसे झाले तेवढे नळीतून बाहेर आलेले नव्हते. १९८४ च्या अहवालात ३८ टक्क्यांपर्यंत पेट्रोल आतल्या आत जीवाणूंनी खाल्ल्याचा अंदाज आहे.

हे जीवाणू कोणी सोडलेले नव्हते. आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल खाणाऱ्या जीवाणूला अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये पेटंटचा हक्क दिला, त्याची केवढी चर्चा झाली! तो जीवाणू उघड्या मैदानात कधी उतरलाच नाही. इकडे मातीतले बेनाव जीवाणू आपापले काम करत होते. त्यांना उणीव होती ती ऑक्सिजनची. एक किलो हायड्रोकार्बन पचवायला सुमारे साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. लिटरभर पाण्यात तो आठ-दहा मिलिग्रॅम विरघळतो. लिटरभर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. पेट्रोल ओढून काढण्यासाठी फिरवलेली हवा नकळत जीवाणूंना श्वास पुरवत होती.

यूटा राज्यातल्या हिल हवाई दल तळावर जानेवारी १९८५ मध्ये टाकीची झडप बिघडली आणि सुमारे २७,००० गॅलन, म्हणजे लाखभर लिटर, विमानाचे इंधन जमिनीत गेले. डिसेंबर १९८८ मध्ये तिथे मोठ्या प्रमाणावर हवा ओढायला सुरुवात झाली. बाहेर येणारी वाफ उत्प्रेरक भट्टीत जाळली जाई. आता या पद्धतीतली खोच पाहा. वाफ जाळली नाही तर जमिनीतले विष तेवढे शेजाऱ्यांच्या नाकात जाणार. आणि दिवस जातात तशी वाफ विरळ होते, मग तिला जाळण्यासाठी वेगळे इंधन जाळावे लागते.

नळीच्या तोंडाशी अडलेल्या या प्रश्नाचे उत्तर गटारांच्या इतिहासात होते. सांडपाण्याच्या दुर्गंधीवर मातीतले जीवाणू वापरावेत, असे जर्मनीत बाख याने १९२३ मध्ये सुचवले होते. कॅलिफोर्नियात रिचर्ड पोमरॉय याने गटाराची हवा मातीच्या थरातून सोडली आणि १९५७ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. जैविक गाळणी ती हीच: कंपोस्ट, सालीचे तुकडे किंवा माती यांचा ओलसर थर, खालून सोडलेली वाफ आणि कणांवरच्या पातळ ओलाव्यात तिची वाट पाहणारे जीवाणू. यंत्र म्हणून ती अगदी गावठी, पण लहरी. थर सुकला की भेगा पडतात, हवा त्या भेगांतून सरळ निघून जाते आणि गाळणी नावापुरती उरते. ओल जपणे हेच तिथले खरे कौशल्य.

ओक्लाहोमातल्या एडा इथल्या सरकारी प्रयोगशाळेतले जॉन विल्सन मला या इतिहासात दोन ठिकाणी भेटले. कॅम्पबेल यांच्याबरोबर त्यांनी प्रोपेन-ब्यूटेनची वाफ मातीच्या थरात जिरवून दाखवली. आणि त्याच सुमारास वॉर्ड यांच्याबरोबर सुचवले, की जमिनीत ऑक्सिजन पोचवायचा तर पाण्याऐवजी हवेतून पोचवावा. एकदा हे सुचल्यावर गाळणी पेटीतच कशाला हवी?

हिलला बाहेर येणाऱ्या हवेतला कार्बन डायॉक्साइड मोजला, तेव्हा बरेच इंधन जमिनीतच पचत असल्याचे दिसले. मग पंप मंदावला आणि माती भिजवली. फ्लोरिडातल्या टिंडल तळावर हेच अधिक काटेकोरपणे झाले; न माखलेल्या मातीतली हवाही तुलनेसाठी मोजली. तिथे सुरुवातीला नाहीशा झालेल्या इंधनापैकी ५५ टक्के जीवाणूंनी खाल्लेले निघाले. हवा बेताने सोडल्यावर हा वाटा ८५ टक्क्यांपर्यंत गेला. खत-पाणी घालून मात्र तिथे विशेष फरक पडला नाही. जोर कमी केला आणि काम वाढले, हे अभियंत्यांच्या पचनी पडायला वेळ लागला असावा. पण १९९२ पासून अमेरिकी हवाई दलाने शंभराहून अधिक जागी ही रीत करून पाहिली.

पेट्रोल हलके, ते ओढताही येते; डिझेलची वाफ फार कमी होते, तिथे मंद हवेचीच रीत बरी. घट्ट चिकणमातीत हवा शिरतच नाही, तिथे दोन्ही लटक्या.

आमच्या समोरचा पंप केव्हाच गेला. तिथे आता दुकाने आहेत. गेल्या उन्हाळ्यात विहिरीचे कुलूप काढले, तर वास नव्हता. भाऊ म्हणाला, झाली की स्वच्छ! पण पिण्याच्या पाण्यात बेंझीनची जागतिक आरोग्य संघटनेने घातलेली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि इतक्या थोड्याचा वास माणसाच्या नाकाला येत नाही. बाटलीभर पाणी तपासायला दिले आहे. तोवर कुलूप पुन्हा लावले.