जीडीबीपुढची खिडकी

चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवून त्यातील चलांच्या किमती तपासणारे आणि तो ओळीओळीने पुढे नेणारे साधन म्हणजे डीबगर. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, १९९१ मध्ये आला, तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पासाठी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा डीबगर हाताशी होताच. तो टर्मिनलवर टाइप केलेल्या आज्ञा घेई आणि मजकुरात उत्तरे देई; म्हणून चित्ररूप साधन करू पाहणाऱ्यांनी नवा डीबगर न लिहिता त्याच्यापुढे खिडकी बसवली, जी प्रत्येक क्लिकची आज्ञा बनवी आणि उत्तरातून अर्थ वेचून घेई.

या खिडक्यांत सर्वांत कल्पक ठरली ती डीडीडी. जर्मनीतील ब्राउनश्वाइगच्या तांत्रिक विद्यापीठात आन्द्रेआस त्सेलर आणि डोरोथेआ ल्यूटकेहाउस यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यास ती घडवली. तिच्यात पॉइंटरवर, म्हणजे स्मृतीतील दुसऱ्या जागेचा पत्ता बाळगणाऱ्या चलावर, दोनदा क्लिक केले की त्या पत्त्यावरचा मजकूर नव्या चौकटीत उघडे आणि दोन्ही चौकटी बाणाने जोडल्या जात. त्यामुळे लिंक्ड लिस्टमधील, म्हणजे पॉइंटरांनी एकमेकांना जोडलेल्या घटकांच्या साखळीतील, तुटलेली कडी डोळ्यांनाच दिसे. मात्र तिची बटणे-मेनू ज्या मोटिफ संचावर उभी होती तो मालकीहक्काचा असल्याने, मुक्त लिनक्सवर लेसटिफ ही त्याची मुक्त प्रतिकृती वापरावी लागे. खुद्द मोटिफ एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली आला तो २०१२ मध्ये, जेव्हा त्याची गरज बहुतेकांना उरली नव्हती.

खरी अडचण परवान्याहून खोल होती. जीडीबीची उत्तरे माणसासाठी लिहिलेली असल्याने त्यांतील शब्दरचना बदलली की खिडकीचा गोंधळ उडे. टीसीएल ही भाषा आणि तिचा टीके हा खिडक्यांचा संच वापरणाऱ्या इनसाइट या दुसऱ्या खिडकीने जीडीबी स्वतःतच सामावून घेऊन ही अडचण टाळली, पण मग तिला जीडीबीची स्वतःची प्रत सांभाळत बसावे लागले. अधिक टिकाऊ उपाय जीडीबीतच निघाला: एमआय, म्हणजे यंत्राने वाचण्याजोग्या ठरावीक साच्यातील उत्तरे, ज्यांवर एक्लिप्स सीडीटीसारखी साधने उभी राहिली. पुढे व्हीएस कोड या संपादकाबरोबर रुजलेला डीएपी हा संवादाचा सामायिक संकेत जीडीबीने २०२३ मधील चौदाव्या आवृत्तीत स्वीकारला. त्याची अंमलबजावणी पायथन या भाषेत आहे, आणि पायथनला जीडीबीत जागा मिळाली होती २००९ च्या सातव्या आवृत्तीत.