तळटीप : लोकप्रतिनिधीचे घर
१. मुळशी सत्याग्रहात (१९२१–२४) सेनापती बापटांनी अखेर शस्त्र उचलले, ते टाटांच्या धरणाचे काम रोखण्यासाठी. त्यापायी सात वर्षांची शिक्षा भोगली. मूळ मजकुरातला ‘पुढाऱ्याच्या घरावर चालून जाणे’ हा प्रकार त्याहून निराळा, आणि माझ्या मते अक्षम्य. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षण आंदोलनादरम्यान आमदार प्रकाश सोळंके यांचे माजलगावचे घर जमावाने पेटवले, तेव्हा ते स्वतः आत होते. निमित्त, त्यांची म्हणून पसरलेली एक ध्वनिफीत. त्याच दिवशी बीडमध्ये आमदार संदीप क्षीरसागर यांचेही घर जाळले गेले. आरक्षणाची मागणी कितीही रास्त मानली, तरी ध्वनिफितीतले विधान काही आमदाराच्या घरच्यांनी केले नव्हते. सोळंके यांच्या घरातील कोणाला इजा झाली नाही. बीडमध्ये संचारबंदी लागली.