सर्व्हरची चाचणी आणि वापरकर्त्याचा परिसर : एका विसंगतीचा इतिहास

सर्व्हरची मांडणी हाताने न करता आज्ञावलीने करावी आणि ती बरोबर झाली की नाही ह्याची परीक्षाही आज्ञावलीनेच घ्यावी, ही पद्धत गेल्या तीन दशकांत क्रमाने रूढ झाली. तिच्याबरोबर एक तक्रारही रूढ झाली. व्यवस्थापक स्वतः सर्व्हरवर प्रवेश करून आज्ञा देतो तेव्हा ती बिनचूक चालते. तीच आज्ञा स्वयंचलित चाचणीने दिली, की ‘आज्ञा सापडत नाही’ असे उत्तर येते. यंत्र एक, आज्ञा एक, उत्तरे मात्र दोन. ह्या विसंगतीचे खापर बहुधा चाचणीच्या साधनावर फोडले जाते. वस्तुतः तिचे मूळ त्या साधनांहून फार जुने आहे.

बेल प्रयोगशाळेतून १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तीत स्टीफन बोर्न ह्यांचा शेल होता आणि परिसर-चलांची, म्हणजे एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल्सची, कल्पनाही होती. परिसर म्हणजे नावे व त्यांची मूल्ये ह्यांची एक यादी. प्रत्येक प्रक्रियेला ती आपल्या जनक प्रक्रियेकडून मिळते, आणि मिळते ती प्रत. अपत्याने केलेला बदल जनकाकडे परत जात नाही. आज्ञा कोणकोणत्या निर्देशिकांत शोधावी हे सांगणारे ‘पाथ’ हे चल ह्याच यादीत असते. अर्थात् एखादी आज्ञा सापडेल की नाही हे केवळ ती यंत्रावर आहे की नाही ह्यावर ठरत नाही; ती विचारणाऱ्या प्रक्रियेच्या वंशावळीवरही ठरते.

पुढील काळात ह्या वंशावळीला अनेक शाखा फुटल्या. १९८९ साली आलेल्या बॅश ह्या शेलने प्रवेशाचे प्रकार वेगळे मानले. रीतसर प्रवेश केलेला शेल ‘प्रोफाइल’ ह्या फाइली वाचतो. नुसताच उघडलेला संवादी शेल ‘बॅशआरसी’ वाचतो. आज्ञावली चालविणारा असंवादी शेल सामान्यतः दोन्ही वाचत नाही. दूरस्थ एसएसएच-जोडणीवरून आलेल्या आज्ञेसाठी बॅश ‘बॅशआरसी’ वाचतो खरा. परंतु उबुंटूतील ह्या फाइलीच्या आरंभीच, शेल संवादी नसल्यास पुढे काहीही करू नये, अशी सूचना असते. त्या सूचनेखाली व्यवस्थापकाने लिहिलेली ओळ माणसाला उपयोगी पडते, चाचणीला पडत नाही.

दुसरी शाखा सुरक्षिततेची. १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो येथील केंद्रात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर ह्यांनी ‘सुडो’ रचले. पुढे त्याने परिसर पुसून टाकण्याचे आणि ‘पाथ’ ठराविक ठेवण्याचे धोरण स्वीकारले. हे धोरण लहरीचे नव्हते. १९९५ मध्ये टेलनेटद्वारे दूरच्या वापरकर्त्याने पाठविलेले परिसर-चल प्रवेश-आज्ञावलीत परके संकेत घुसवू शकते, असे उघड झाले. २०१४ मध्ये ‘शेलशॉक’ ह्या नावाने बॅशमधील असाच दोष जगजाहीर झाला. वारशाने आलेल्या यादीवर विश्वास ठेवणे धोक्याचे आहे, हा धडा ह्या दोन्ही प्रसंगांनी दिला. ‘क्रॉन’ हा कालनियोजक तर प्रथमपासूनच अगदी तुटपुंजा परिसर देत आला आहे.

ह्या पार्श्वभूमीवर मांडणीची साधने आली : १९९३ मध्ये ऑस्लो येथे मार्क बर्जेस ह्यांचे सीएफइंजिन, २००५ मध्ये पपेट, २००९ मध्ये शेफ, २०१२ मध्ये अ‍ॅन्सिबल. २०१३ मधील सर्व्हरस्पेक हे खास चाचणीचे साधन. ते एसएसएचने सर्व्हरवर जाते, बहुधा सुडो वापरते आणि साध्या शेलला आज्ञा देते. म्हणजे माणसाच्या परिसरापासून त्याला दूर नेणारे सर्व थर ते एकाच फेरीत ओलांडते. त्याला ‘पाथ’ व इतर चले स्पष्टपणे सांगण्याची सोय ठेवावी लागली, ती ह्यामुळेच.

निदानाची रीत साधी आहे. दोन्ही मार्गांनी परिसराची यादी छापून घ्यावी, ती अनुक्रमाने लावावी आणि ताडून पाहावी. नंतर रिकाम्या परिसरापासून आरंभ करून एकेक चल वाढवीत जावे. ज्या चलाने उत्तर पालटते ते कारण. लिनक्समध्ये चालू प्रक्रियेला आरंभी मिळालेला परिसर ‘प्रॉक’ ह्या आभासी फाइल-रचनेत वाचता येतो. ‘पाथ’इतकेच फसवे चल भाषेचे. डेबियनमधील एसएसएच हे चल वापरकर्त्याच्या यंत्रावरून सर्व्हरकडे पाठविते. त्यामुळे चाचणी कोणाच्या यंत्रावरून चालली ह्यावरही अक्षरांचा अनुक्रम बदलू शकतो. मूळ ‘सी’ परिसरात रुबी भाषा फाइलीतील अक्षरे इंग्रजीपुरत्या अ‍ॅस्की संचातील मानते. त्या फाइलीत देवनागरीत एखादी टीप असली, तर तिचे पृथक्करण तेथे अडते.

कारण सापडल्यावर केला जाणारा उपाय मात्र पुष्कळदा दोषापेक्षा घातक असतो. चाचणीला रीतसर प्रवेशाचा शेल दिला की ती तत्काळ उत्तीर्ण होते. परंतु प्रत्यक्ष सेवा चालू करणारा सिस्टमडी किंवा रात्रीचे काम करणारा क्रॉन तो शेल वापरीत नाही. खोटे अपयश निदान शोधाला प्रवृत्त करते. खोटे यश शोध थांबविते, आणि बिघाड सेवेच्या वेळी प्रकट होतो.

परिसराचा प्रभाव किती सूक्ष्म असतो, हे २००९ मध्ये मिटकोविच, दिवान, हाउसवर्थ व स्वीनी ह्यांच्या निबंधाने दाखविले. परिसरातील मजकूर कोणता हे दूरच. त्याची केवळ लांबी बदलली तरी आज्ञावलीचा मोजलेला वेग बदलतो, आणि एखादी सुधारणा हितकर की अहितकर हा निष्कर्षच फिरू शकतो.

तात्पर्य, चाचणीचे उत्तर हे यंत्राचे निखळ वर्णन नसून एका साक्षीदाराची साक्ष असते. ऐतिहासिक साधनाची चिकित्सा करताना ते कोणी, कोठून व कोणत्या अधिकाराने लिहिले हे प्रथम विचारले जाते. तद्वत् चाचणीतही वापरकर्ता, शेल आणि प्रवेशमार्ग नोंदलेले असले पाहिजेत, आणि ते ज्या सेवेबद्दल निर्णय द्यावयाचा तिचेच असले पाहिजेत.