टॉवेलची कुळकथा

इंग्रजीत 'टॉवेल' आला तो जुन्या फ्रेंचमधून. त्याचंच पोर्तुगीज भावंड गोव्याच्या किनाऱ्याला लागलं आणि कोकणीत 'तुवालो' झालं. हिंदीतला 'तौलिया'ही त्याच घरातला. मराठीत इंग्रजी रूप रुजलं. आपला पंचा काही गेला नाही, पण न्हाणीघरातून हाक येते ती टॉवेलसाठी.

आज आपण ज्याला टॉवेल म्हणतो ते फासे असलेलं जाड कापड मूळचं तुर्कस्तानातल्या बुर्सा गावचं. हेन्री ख्रिस्ती या इंग्रजाने त्याचे नमुने मायदेशी नेले, त्याच्या घरच्या गिरणीने ते यंत्रावर विणलं आणि 1851च्या लंडन प्रदर्शनात मांडलं.

सोलापूरच्या पूर्व भागात ही वीण जवळून पाहावी. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची ही वस्ती. घरात तेलुगू, बाजारात मराठी. मागावर उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात, एक घट्ट ताणलेला, दुसरा मुद्दाम सैल सोडलेला. धागे ठोकून बसवणारी फणी पहिले दोन आडवे धागे थोडे अलीकडेच ठेवते. तिसऱ्याला ती पूर्ण ठोका देते आणि तिन्ही धागे एकदम पुढे सरकतात. सैल धाग्याला जागा उरत नाही, म्हणून तो वर-खाली उसळून फासा होतो. पाणी शोषतात ते हे फासे. सोलापुरी चादरीबरोबर इथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे, तेही देशातल्या सुरुवातीच्या मोजक्या मानांकनांपैकी.

आपल्याकडे टॉवेल नुसता अंग पुसत नाही. एसटीच्या खिडकीतून आत टाकला की सीट धरली जाते. साहेबाच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असला की हुद्दा कळतो. आणि लग्नात, वास्तुशांतीला, गावच्या सत्कारात टॉवेल-टोपी! बुर्सात किंवा लंडनमध्ये या कापडाला असा मान कुणी दिला असेल असं मला वाटत नाही.

दुःख एवढंच, की आहेराचा टॉवेल बहुधा जाळीसारखा विरळ असतो. घडी न मोडता तो पुढच्या लग्नात जातो. ज्याने तो विणला त्याचाही यात मान राहत नाही. टॉवेल-टोपी जरूर करा. पण टॉवेल घेताना घडी उलगडा, दोन्ही बाजूंचे फासे बोटांनी चाचपा आणि पाहुणा रोज वापरेल असाच घ्या.