पहिल्या गाडीचा हिशेब

दिल्लीत १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या स्वाधीन करण्यात आली. त्यावेळी तिची किंमत पन्नास हजार रुपयांच्या आत होती. जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. 'लाखाची गाडी' म्हणून गाजलेली टाटा नॅनो मार्च २००९ मध्ये बाजारात आली आणि दहा वर्षांच्या आतच दिसेनाशी झाली. अल्टो ८०० ही २०२३ मध्ये बंद झाली. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या पहिल्या गाडीची पायरी अशी सतत वर सरकत गेली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तेव्हा ती थोडी खाली आली. त्या वेळी जाहीर झालेल्या दरांनुसार एस-प्रेसोची सुरुवातीची किंमत साडेतीन लाखांच्या, अल्टो के-१० ची ३ लाख ७० हजारांच्या, टियागोची ४ लाख ५७ हजारांच्या, तर वॅगन-आरची पाच लाखांच्या आसपास होती.

हे सारे आकडे 'एक्स-शोरूम' किमतीचे आहेत. नागपूरच्या रस्त्यावर गाडी उतरविण्याचा खर्च वेगळा असतो आणि बहुतेक नवखे ग्राहक पहिली चूक येथेच करतात. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर किमतीच्या ११ टक्के एकरकमी वाहन कर भरावा लागतो. म्हणजे चार लाखांच्या गाडीवर ४४ हजार रुपये केवळ कराचे झाले. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीसाठी तृतीय पक्ष विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा, नोंदणी शुल्क आणि कर्ज असल्यास बोजा नोंदविण्याचे शुल्क त्यावर येते. 'हँडलिंग चार्जेस' या नावाची एखादी रक्कमही पावतीत डोकावते. ती कशासाठी, हे विचारण्यास संकोच करू नये. शोरूममधूनच विमा घेतला पाहिजे, अशीही सक्ती नाही. बाहेरून दर मागविल्यास काही हजारांचा फरक पडू शकतो.

यानंतरचा प्रश्न हप्त्याचा. चार लाखांचे कर्ज नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ८,३०० रुपये होतो. तेच कर्ज सात वर्षांचे केल्यास हप्ता ६,४०० रुपयांवर येतो. मात्र एकूण परतफेड सुमारे ४२ हजारांनी वाढते. शिवाय सहाव्या-सातव्या वर्षी गाडीची बाजारातील किंमत निम्म्याहून खाली गेलेली असते आणि हप्ते चालूच राहतात. हप्त्याखेरीज पेट्रोल आहेच. रोज २० किलोमीटरप्रमाणे महिन्यातून २५ दिवस गाडी चालविली, शहरात लिटरला १८ किलोमीटर मिळाले आणि पेट्रोलचा दर १०५ रुपये धरला, तर महिन्याला सुमारे २,९०० रुपये लागतात. सर्व्हिसिंग, विम्याचे नूतनीकरण, टायर आणि बॅटरी यांसाठी महिन्याला हजार-दीड हजार बाजूला टाकलेले बरे. पगाराशी पडताळून पाहायची ती ही बेरीज. शोरूममधील फलक नव्हे.

नवी की जुनी?

नव्याने परवाना मिळालेल्या चालकाने पहिली दोन-तीन वर्षे जुनी गाडी चालवावी, असे सांगण्यामागे साधा व्यवहार आहे. शिकताना बंपर घासतो, फाटकात दरवाजा घासतो, क्लच अर्धा दाबून ठेवण्याची सवय लागते आणि प्लेट वेळेआधी झिजते. नव्या गाडीची किंमतही पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक उतरते. विमा कंपन्यांच्या प्रचलित तक्त्यानुसार सहा महिने ते एक वर्षाच्या गाडीची किंमत १५ टक्क्यांनी, दोन ते तीन वर्षांच्या गाडीची ३० टक्क्यांनी, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीची ५० टक्क्यांनी कमी धरली जाते. पॉलिसीवर 'आयडीव्ही' म्हणून छापलेली रक्कम ती हीच. विकणाऱ्याने सांगितलेली किंमत या रकमेशी ताडून पाहिल्यास बोलणी कोठून सुरू करायची, हे कळते.

मात्र जुनी गाडी किती जुनी असावी, याला मर्यादा आहे आणि ती पैशांपेक्षा सुरक्षिततेने ठरवावी. एबीएस ब्रेक सर्व गाड्यांना २०१९ पासून बंधनकारक झाले. चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या प्रवाशासाठी, उत्पादनात असलेल्या जुन्या मॉडेलनाही, जानेवारी २०२२ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांच्या प्राथमिक मॉडेलमध्ये यांपैकी काहीच नसण्याची शक्यता मोठी. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने भारतातील पाच लोकप्रिय लहान गाड्यांची धडक-चाचणी घेतली, तेव्हा अल्टो ८०० आणि नॅनोसह पाचही गाड्यांना एकही तारा मिळाला नव्हता. म्हणून दीड लाखात दहा-बारा वर्षांची गाडी मिळत असेल, तरी शक्य झाल्यास थोडे थांबून २०२२ नंतरची गाडी घेणे शहाणपणाचे. वाचवायचे असल्यास अलॉय व्हील आणि मोठ्या पडद्याच्या म्युझिक सिस्टीमवर वाचवावे.

नव्या गाड्यांतही फरक आहेच. २०२० मध्ये टियागोला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत चार तारे मिळाले. २०२३ मध्ये अल्टो के-१० ला दोन आणि वॅगन-आरला एकच मिळाला. त्यानंतर २०२५ मध्ये अल्टो के-१० आणि वॅगन-आरमध्ये सहा एअरबॅग देण्यात आल्या. पण एअरबॅगची संख्या आणि गाडीच्या सांगाड्याची मजबुती या दोन वेगळ्या बाबी आहेत. नागपूरचेच असलेले केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर केलेली 'भारत एनकॅप' ही देशी चाचणी त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून सुरू झाली. ती कंपन्यांसाठी ऐच्छिक असल्याने आपल्या मॉडेलची चाचणी झाली आहे का, हे ग्राहकालाच शोधावे लागते.

पुरातून आलेली गाडी

नागपुरात जुनी गाडी पाहताना एक तारीख ध्यानात ठेवावी : २३ सप्टेंबर २०२३. त्या पहाटे मुसळधार पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचे पाणी अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, सीताबर्डीच्या परिसरात शिरले. मोरभवन बसस्थानकात एसटीच्या बसगाड्या पाण्यात होत्या; घरांच्या आवारातील मोटारींचीही तीच गत झाली. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते. पण आजच्या गाडीतील वायरिंग, सेन्सर आणि संगणकीय नियंत्रण यांत गेलेला ओलावा महिनोन्‌महिने त्रास देतो. एअरबॅग ऐनवेळी उघडेल याचीही खात्री राहत नाही.

अशी गाडी ओळखण्याच्या खुणा आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहिलेली असते. पायाखालचे कार्पेट उचलून पत्रा पाहावा, सीटच्या रुळांवर आणि स्क्रूंवर गंज आहे का तपासावे, डिकीत स्टेपनीच्या खळग्यात हात फिरवावा. सात-आठ वर्षांच्या गाडीत अगदी नवे सीट कव्हर आणि अत्तराचा घमघमाट असेल, तर शंका घ्यावी. पॉलिसीही बोलकी असते. दावा न केल्यास मिळणारी 'नो क्लेम बोनस'ची सवलत २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाते. पाच वर्षांच्या गाडीच्या पॉलिसीवर ती शून्य दिसली, तर दावा कशाचा होता, ते विचारावे. ही सवलत विकणाऱ्याची असते. ती गाडीसोबत नव्या मालकाकडे येत नाही.

गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच पाहावी. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन अनेक दोष लपविते. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात : '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी पाच-सहा वर्षांचे रबर कडक होते. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही बाब किरकोळ नाही. नागपुरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंशांची नोंद झाली होती. त्यातच समृद्धी महामार्ग शहराच्या वेशीवर आहे. मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा असलेल्या त्या सिमेंटच्या मार्गावर जुन्या टायरची गाडी आणि नवा चालक, दोघांनीही जाऊ नये. एसी वीस मिनिटे पूर्ण क्षमतेने चालवून पाहावा आणि तोही शक्यतो दुपारी. ओळखीच्या मेकॅनिकला हजार-दोन हजार देऊन गाडी दाखविणे हा या व्यवहारातील सर्वांत स्वस्त विमा होय.

कागदपत्रांचा घोळ

गाडी ठीक निघाली तरी कागदपत्रे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. थकलेली ई-चलाने गाडीच्या क्रमांकावरून पाहता येतात. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसविलेली आहे की नाही, हेही पाहावे. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० भरून ज्या कार्यालयाची नोंदणी त्याकडे अर्ज करावा लागतो. नागपूर शहराचा क्रमांक एमएच ३१, पूर्व नागपूरचा एमएच ४९ आणि ग्रामीणचा एमएच ४० आहे.

नागपूर तीन राज्यांच्या वाटेवरचे शहर असल्याने मध्य प्रदेश आणि छत्तीसगढची पासिंग असलेल्या गाड्या येथे सहज विकावयास येतात. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तेथील डिझेल गाड्याही स्वस्तात इतरत्र विकल्या गेल्या. किंमत मोहात पाडणारी असते. पण मूळ राज्याची एनओसी, महाराष्ट्रातील कर, नवा क्रमांक आणि भरलेल्या कराच्या परताव्यासाठी तिकडचे हेलपाटे हे सारे त्यात मिळविले, की स्वस्ताई बरीच उतरते. बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंदणी करणे कायद्याने आवश्यक आहे.

'नाव नंतर करू' हे वाक्य या बाजारात नेहमी ऐकू येते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक मानला जाईल, गाडी मधल्या काळात कितीही हातांतून गेली असली तरी. हा निकाल विकणाऱ्याला धडकी भरविणारा आहे. घेणाऱ्यानेही पॉलिसी १४ दिवसांत आपल्या नावे करून घेतली नाही, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई अडते.

नागपूरसाठी कोणती?

इतवारी, महाल, गांधीबागेच्या गल्ल्यांत ज्याचे रोजचे काम, त्याला साडेतीन मीटर लांबीची गाडी जी सोय देते ती चार मीटरची देत नाही. अल्टो के-१० ची लांबी ३,५३० मिलिमीटर आहे. घरात गुडघेदुखीचे ज्येष्ठ असतील, तर उंच बसकणीची वॅगन-आर त्यांना सोयीची पडते. मिहान किंवा बुटीबोरीला वर्धा मार्गाने रोज जाणाऱ्याने मात्र वजनदार, चाचणीत चांगली ठरलेली गाडी पाहावी. त्याच्यासाठी पार्किंगची सोय दुय्यम आहे.

इंधनाबाबत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा सल्ला जसाच्या तसा येथे लागू पडत नाही. तेथे सीएनजी वर्षानुवर्षे नळवाहिनीने येत असताना नागपुरात तो द्रवरूप वायूपासून तयार करून विकला जात होता आणि २०२२ मध्ये त्याचा दर किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला होता. सीएनजी गाडी घेण्यापूर्वी आजचा दर आणि घराच्या वाटेवर पंप आहे का, हे पाहावे. सिलिंडरमुळे डिकी जवळजवळ जाते, तेही लक्षात घ्यावे. महिन्याला पाचशे किलोमीटर चालविणाऱ्याला साधी पेट्रोल गाडीच परवडते.

दुचाकीवर वीस वर्षे काढलेल्या माणसाला वाहतुकीचे नियम शिकवावे लागत नाहीत. शिकावी लागते ती गाडीची रुंदी. फटीतून निसटण्याची सवय चारचाकीत महागात पडते. शिकाऊ परवाना सहा महिने वैध असतो आणि ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. दोन बाजूंना ब्रेक असलेल्या मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीवर ही चाचणी उत्तीर्ण होता येत असले, तरी स्वतःच्या गाडीचा क्लच वेगळ्या ठिकाणी उचलतो. त्यामुळे गाडी घरी आल्यावर त्याच प्रशिक्षकाला आणखी चार-पाच सकाळी शेजारी बसवावे आणि त्याचे पैसे गाडीच्या किमतीतच धरावेत.