छायाचित्राची पुष्पिका

होमाई व्यारावाला यांच्या छायाचित्रांचें प्रदर्शन राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयानें अल्काझी प्रतिष्ठानाच्या साहाय्यानें इ. स. २०१० मध्यें दिल्लीस व मुंबईस मांडलें. २०१२ सालीं त्यांचीं चित्रें न्यूयॉर्कच्या रूबिन संग्रहालयांतहि गेलीं. जुन्या पोथ्या व कागद जमविणाऱ्या पुणेकरांस या वार्तेंत काय स्वारस्य, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, छायाचित्र हाहि कागदच होय. पोथीस लागू पडणारी परीक्षा त्यासहि लागू केली पाहिजे, आणि ती क्वचितच होते.

प्रथम कर्तृत्वाचा विचार. व्यारावालाबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजीं नवसारीस पारशी कुटुंबांत झाला. वडील फिरत्या नाटकमंडळींत नट होते. शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत. छायाचित्रणाची विद्या त्यांनीं माणेकशा व्यारावाला यांजकडून घेतली व पुढें त्यांच्याशींच विवाह केला. आरंभींचीं त्यांचीं चित्रें नियतकालिकांत पतीच्या नांवावर छापलीं गेलीं. मागाहून 'डालडा १३' हें टोपणनांव आलें. (त्याचें मूळ मोटारीच्या क्रमांकांत आहे, वनस्पति तुपांत शोधूं नये.) त्या काळचा छापील अंक पुढें ठेवून निर्णय देणारा संशोधक प्रामाणिकपणेंच चुकेल. शिष्याची टीका गुरूच्या नांवावर चढली असेल अशी शंका पोथी हातीं घेतांना आपणांस सहज येते; छायाचित्राखालीं नांव छापलेलें दिसलें कीं आपण स्वस्थ बसतों.

दुसरी गोष्ट पाठाची. बाई जीं यंत्रें वापरीत त्यांत रोलायफ्लेक्स हें एक. त्याची निगेटिव्ह सुमारें सहा सेंटिमीटर लांब व तितकीच रुंद, म्हणजे समचौरस असते. तेव्हां त्या यंत्रानें घेतलेल्या चित्राची लांबट प्रत हातीं आल्यास कोणी तरी कडा छाटली आहे असें निश्चित समजावें. पोथी बांधणारा समास कापतो आणि समासांतील टिपा त्याबरोबर जातात, तसेंच हें. कडेस उभा असलेला शिपाई किंवा अर्धी दिसणारी पाटी यांवरूनच स्थलकाल ठरावयाचा असतो. प्रदर्शनांतील मोठी प्रत डोळ्यांस सुख देते खरी, पण तिची पाठ भिंतीकडे असते. मूळ प्रतीच्या पाठीवर शिक्का व हस्ताक्षर असावयाचें. संग्राहकानें ती पाठ पाहण्याचा हट्ट धरावा.

पं. नेहरू ओठांत सिगारेट धरून एका आंग्ल स्त्रीची सिगारेट पेटवून देत आहेत, असें बाईंचें एक सुप्रसिद्ध चित्र आहे. ती स्त्री ब्रिटिश उपउच्चायुक्तांची पत्नी श्रीमती सायमन. चित्राखालचें नांव गळलें, प्रसंग गळला, आणि तेंच चित्र नेहरूंच्या चारित्र्यावर शिंतोडे उडविण्याच्या कामीं हातोहात फिरूं लागलें. बनावट सनद करणारास निदान शिक्का तरी खोटा करावा लागतो. येथें एक रेषाहि बदलावी लागली नाहीं.

व्यारावालाबाईंनीं १९७० सालीं हा व्यवसाय सोडला, आणि त्या १५ जानेवारी २०१२ रोजीं वारल्या. मधल्या काळांत सबीना गडिहोक यांनीं त्यांस प्रश्न विचारून २००६ सालीं ग्रंथ सिद्ध केला. बाईंनीं आपला संग्रहहि अल्काझी प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केला. नारायण विनायक विरकर (१८९०–१९६८) यांच्या वांट्यास असें भाग्य आलें नाहीं. जालियनवाला बागेच्या भिंतीवरील गोळ्यांच्या खुणांचें त्यांचें चित्र पुस्तकांतून नित्य भेटतें. त्याखालीं विरकरांचें नांव आम्हांस विरळाच आढळलें.

पुण्यांतील जुना वाडा पाडला जाऊं लागला कीं दप्तर उचलावयास आपण धांवतों, आणि भिंतीवरील काळवंडलेल्या तसबिरी कांचेच्या व लांकडाच्या भावानें जुन्या बाजारांत जातात. त्या ओळखणारीं माणसें आज ऐशीच्या घरांत आहेत. त्यांच्यासमोर बसून प्रत्येक चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, शाईनें कदापि नव्हे, चित्रांतील व्यक्ति, स्थळ, चित्र घेणारा आणि ही ओळख कोणी व कोणत्या दिवशीं सांगितली, एवढें तरी सभासदांनीं लिहून ठेवावें.