सुताराची जुनी हत्यारे आणि त्यांचा जीर्णोद्धार

मंदिराचा जीर्णोद्धार म्हटला की शिखर, कळस, गाभारा आणि फरशी यांचीच चर्चा प्रथम होते. सभामंडपाचे लाकूडकाम ज्या हत्यारांनी झाले, त्यांची आठवण सहसा कोणास होत नाही. श्रींच्या मंदिरातील सागवानी खांब, तुळया, हस्त आणि तक्तपोशी ही सर्व हातच्या हत्यारांची करणी आहे. चोवीस तसूंचा एक गज, या हिशेबाने जुने सुतार लाकूड मापीत. त्यांची नावे मंदिरात कोठेही कोरलेली नाहीत. काम मात्र उभे आहे.

सुतार हा गावगाड्यातील बारा बलुतेदारांपैकी एक. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गावगाडा' या ग्रंथात या व्यवस्थेचे गुणदोषांसह वर्णन केले आहे. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडीची चाके, घराची दारे-खिडक्या ही कामे सुताराने वर्षभर करावीत आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपाने बलुते घ्यावे, अशी रीत होती. वाकस, करवत, रंधा, पटाशी, सामता आणि गुण्या एवढ्या सामग्रीवर त्याचा संसार चाले. पाते लोहाराने घडवायचे, दांडा बाभळीचा बसवायचा आणि खंडेनवमीला सर्व हत्यारे पाटावर मांडून त्यांची पूजा करायची, हा परिपाठ घरोघर होता.

पुढे काळ पालटला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला आणि १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. शेतकऱ्याची त्याने मोठी सोय झाली. परंतु लाकडी नांगराचे काम सुताराच्या हातून हळूहळू सुटत गेले. नंतर रबरी धावांच्या गाड्या, ट्रॅक्टर आणि विजेवर चालणारी करवत आली. बलुते बंद झाले, मुले नोकरीसाठी शहरात गेली. माळ्यावर पडलेली हत्यारे गंजली आणि एके दिवशी भंगाराच्या भावाने वजनावर विकली गेली. या गावातही तसेच झाले. ज्या हातांनी मंडप उभारला, त्यांचा एक रंधाही गावात उरला नाही.

जीर्णोद्धाराच्या वेळी ही उणीव प्रकर्षाने जाणवली. पावसाचे पाणी मुरून काही खांबांचे बूड कुजले होते. सर्व खांब काढून सिमेंटचे घालावेत, असे अनेकांचे मत पडले. एका वृद्ध सुतारांनी प्रत्येक खांब हातोडीने ठोकून पाहिला आणि आवाजावरून सांगितले की, दगडी उथळ्यालगतचा भागच तेवढा गेला आहे. वरचे लाकूड खणखणीत आहे. कुजका भाग कापून नवे सागवान सांध्याने जोडावयाचे ठरले. अडचण आली ती खांबांवरील नक्षीपट्टीची. तिची पन्हळ यंत्रातून निघेना. त्यासाठी त्याच आकाराचे पाते आणि त्याच आकाराचा तळ असलेला लाकडी रंधा हवा होता, आणि तो तर भंगारात गेलेला.

म्हणून जुन्या हत्यारांचा शोध सुरू झाला. पुण्याचा जुना बाजार रविवारी व बुधवारी भरतो. मुंबईचा चोरबाजारही प्रसिद्ध आहे. अशा ठिकाणी देशी हत्यारांबरोबर विलायती हत्यारेही मिळतात. इंग्लंडमधील शेफील्ड हे गाव पोलादासाठी नावाजलेले. तेथे बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या सुमारास मुशीत पोलाद वितळविण्याची रीत शोधली. जुन्या पात्यांवर 'कास्ट स्टील' असा छाप असतो, तो या पोलादाचा. लोखंडी रंध्याची आजची घडण अमेरिकेतील लिओनार्ड बेली यांची. त्यांचा धंदा स्टॅनले कंपनीने १८६९ साली विकत घेतला.

बाजारात हत्यार पारखावे लागते. वरचा गंज पाहून घाबरू नये; धारेजवळ पात्याच्या पाठीला खोल खड्डे नाहीत ना, हे पाहावे. पूर्वीच्या अनेक पात्यांत मऊ लोखंडावर पोलादाची पट्टी तापवून जोडलेली असे. ती पट्टी झिजून संपली असेल तर पाते व्यर्थ. पाते निळे पडले असेल तर कोणीतरी ते यंत्रावर तापवून त्याचे पाणी उतरविले आहे, असे समजावे.

आणलेली हत्यारे रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून तारेच्या ब्रशने घासली. रंध्याचा तळ काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट केला. पात्याची पाठ आधी आरशासारखी साफ केली, मग सुमारे पंचवीस अंशांच्या उतारावर, वरचेवर पाण्यात बुडवीत, दगडावर धार काढली. सुकलेल्या लाकडास जवसाच्या तेलाचे पातळ हात दिले. तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेटू शकतात, म्हणून ती उघडी पसरून वाळविली. अखेरीस एका अरुंद रंध्याचे पाते व तळ जुन्या पट्टीबरहुकूम घासून आकारास आणले.

त्या रंध्याच्या पाठीवर पूर्वीच्या मालकाने कोरलेली दोन अक्षरे होती. ती घासून काढावीत काय, असे एका तरुण मदतनिसाने विचारले. वृद्ध सुतार म्हणाले, "गंज काढायचा बाबा, माणूस नाही काढायचा." अक्षरे तशीच राहिली. नवी पट्टी जुन्या पट्टीशेजारी बसली, तेव्हा दोहोंतील फरक हात फिरवूनही कळेना. त्या तरुणाने शेवटच्या दोन पट्ट्या स्वतःच्या हाताने काढल्या.

जीर्णोद्धाराचा अर्थ यातच आहे. जे कुजले ते काढावे, जे सशक्त आहे ते राखावे आणि नवे जोडताना जुन्याचे माप घ्यावे. ज्यांच्या माळ्यावर वाडवडिलांची हत्यारे असतील, त्यांनी ती वजनावर देऊ नयेत. तेलाचा हात देऊन ठेवावीत आणि शिकू इच्छिणाऱ्या मुलाच्या हाती द्यावीत. देणगीदारांच्या औदार्याने मंडप पुन्हा उभा राहिला. तो पुढेही उभा राहावा, तर दुरुस्ती जाणणारा हात गावातच असला पाहिजे. येत्या खंडेनवमीला ही हत्यारे सभामंडपात पाटावर मांडली जावीत, आणि ज्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत, त्या कारागिरांना त्या निमित्ताने श्रींसमोर वंदन घडावे.